कुलूप नसलेलं खुराडं

धान कापणीला आलं की आमचं गाव दिवसा ओस पडतं. उन्हं अंगणात उतरायच्या आत बाया विळे घेऊन बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, उतरतात, माणसं भारे बांधायला मागोमाग जातात, आणि घरांवर राहतात ती आमच्यासारखी म्हातारी आणि कोंबड्या. वैनगंगेकडून वारा येतो. त्यात कापलेल्या धानाचा ओलसर, गोडसर वास असतो. लोक म्हणतात, वर्षभर या वासाची वाट पाहावी. मला त्या वासाच्या मागून चुन्याचा वास येतो. ओल्या खड्ड्यात टाकलेल्या, धूर निघणाऱ्या चुन्याचा. पंचवीस-सव्वीस कापण्या झाल्या, तो वास गेला नाही.

गावात मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नव्हतो. जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक होतो. गाईंना टोचायचो, बोकड खच्ची करायचो, कोंबड्यांच्या डोळ्यात लसीचे थेंब टाकायचो. पण हातात बॅग आणि खिशात पेन असलेल्या माणसाला आमच्याकडे डॉक्टरच म्हणतात, आणि त्याने लिहिलेल्या कागदावर देवाच्या कौलाइतका विश्वास ठेवतात. त्या विश्वासाचं मी काय केलं, ते आज लिहितो आहे.

निमित्त या वर्षीच्या कापणीचं. चौकातल्या चहाच्या टपरीवर बसलो होतो. बाजूला दामोधर. एके काळी गावच्या समितीचा अध्यक्ष, माझा जोडीदार, आता तोंडात कवळी आणि अंगावर इस्त्रीचा सदरा. दवाखान्यात नवीन लागलेली एक मुलगी बायांना परसातल्या कोंबड्यांबद्दल सांगायला आली होती. देशी कोंबड्या पाळा, चांगलं खुराडं बांधा, असं काहीतरी ती म्हणत होती. दामोधर हसला.

"मॅडम, देशीचं नाव नका काढू इथी. एका बाईच्या देशी कोंबड्याईनं अख्ख्या गटाचा माल खाल्ला. मानमोडी आणली, मानमोडी. खोटं वाटते तं इचारा डॉक्टरले."

मानमोडी म्हणजे कोंबड्यांना मारणारी साथ. त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी मान हलवली.

कुणी जबरदस्ती केली नव्हती. नोकरी नाही, साहेब नाही, भीती नाही. नुसती सवयीनं हलली मान, बैलाची हलते तशी. चहा तसाच ठेवून घरी आलो आणि दिवसभर त्या मानेचा राग राग केला. म्हणून सांगून ठेवतो, हे लिहिणं म्हणजे आठवणींचा हळवेपणा नाही. हा सूड आहे. दामोधरवर, आणि त्याच्या बाजूला बसून मान हलवणाऱ्या माणसावर.

त्या वर्षी, पंचवीसेक कापण्यांमागे, धान उत्तम होतं. लोंबी इतकी जड की बांधावरून चालताना मांडीला घासायची. बायांचा बचत गट नवा होता आणि त्यांना सरकारी योजनेतून रंगीत पिल्लं मिळाली होती. लाल-तपकिरी, जाड पायांची, माणसाला न भिणारी, उडता न येणारी. त्यांच्यासाठी पत्र्याचं मोठं खुराडं आलं. ते कुठे बसवायचं ते मी ठरवलं. जैवंताबाईची सांदवाडी, म्हणजे घरामागचं परस, गावात सगळ्यांत मोठी. तिथेच, घराच्या भिंतीला लागून, सपाट जमिनीवर, खाली धानाचा कोंडा पसरून.

जैवंताबाई तेव्हा पंचेचाळिशीची असेल. गोंडाची बाई, काळीसावळी, उंच, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणारी. तिची स्वतःची वीसेक देशी कोंबडी होती. सासूच्या सासूपासून त्याच वाणाची, त्याच अंगणात उबवलेली. आणि त्यांचं खुराडं मी आयुष्यात पाहिलेल्यांत सगळ्यांत शहाणं होतं. कमरेइतक्या उंच चार खांबांवर बांबूचा माच, त्यावर खोली. प्रत्येक खांबाला मध्यभागी तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळलेला, म्हणजे उंदीर-साप चढला तर घसरून खाली. मी ते पाहून हसलो होतो. माझ्याकडे छापील आराखडा होता.

"जमिनीवर नका ठेवू जी," ती म्हणाली होती. "इथी घूस हाय. पाहा, भिंतीखालून माती काढून राह्यली. घुशीच्या वाटेनं मुंगूस येते."

"बाई, चारी बाजूनं जाळी आहे."

"जाळी बाजूनं हाय. तो खालून येते म्हणतो मी."

मी ऐकलं नाही. हा माझा पहिला गुन्हा, आणि तो लहान आहे. न ऐकणारे खूप असतात.

दुसरा असा. साहेब लोक पाहणीला येणार होते. दामोधर म्हणाला, पिल्लं अंगणभर उधळलेली दिसली तर काय शोभा? खुराड्यात पाहिजेत, ओळीनं. मग मी सकाळीच सगळी आत घातली, दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि दामोधरच्या गाडीवर मागे बसून आरमोरीला गेलो, साहेबांना घेऊन यायला. बाया कापणीला गेल्या. जैवंताबाईही गेली. घरी फक्त तिची सासू होती, दोन्ही डोळ्यांत फूल पडलेली.

मुंगूस दिवसाचं जनावर आहे. मला हे ठाऊक होतं. मी ते परीक्षेत लिहिलं होतं.

म्हातारीनं कालवा ऐकला. पुढचं ती जैवंताबाईला सांगत होती ते मी उभा राहून ऐकलंय. भिंत चाचपत मागे आली. दार सापडलं, कडी सापडली, कडीला कुलूप सापडलं. दगड शोधून त्याच्यावर मारला, तो बोटांवर बसला. मग जाळीला तोंड लावून ओरडत राहिली. गावात कोण होतं ऐकायला? पायाशी काहीतरी लवदार सळसळत गेलं, आणि आत हळूहळू शांत होत गेलं. जैवंताबाईच्या देशी कोंबड्या मात्र मोकळ्या होत्या. त्या केव्हाच अंगणातल्या जांभळाच्या झाडावर जाऊन बसल्या होत्या.

साहेब त्या दिवशी आलेच नाहीत. आरमोरीहून परस्पर दुसरीकडे गेले. आम्ही दुपार उतरताना परत आलो तेव्हा बाया अजून बांध्यांतच होत्या. मी कुलूप काढलं. कोंड्यावर पिल्लं पडली होती, आणि प्रत्येक पिल्लाच्या मानेवर, कानाच्या मागे, दोन बारीक टोचे. कोपऱ्यात घुशीचं बीळ. भोक माझ्या मुठीएवढं.

दामोधरनं चपलेच्या टोकानं एक पिल्लू उलटं केलं. मग म्हणाला, "मुंगूस लिहिलं तं खुराडं कोणी बसवलं, ते निघन. कुलूप कोणी लावलं, ते निघन. तुयी नोकरी, माही समिती. रोग लिही."

"मानेवर दात दिसतात, दामू."

"तं बाया यायच्या आधी खड्ड्यात घाल."

आणि मी घातली, तिथेच सांदवाडीच्या कोपऱ्यात खड्डा खणून. त्याच्याच गाडीवरून चुन्याचं पोतं आणलं, पाणी टाकलं, धूर निघाला. मग मांडीवर कागद ठेवून लिहिलं की मृत्यू मानमोडी रोगाने झाला, रोगाचा उगम त्याच आवारातल्या देशी कोंबड्या, सबब त्या तातडीने नष्ट कराव्यात. खाली सही. माझी सही फार वळणदार होती. लोक कौतुक करायचे.

जैवंताबाई संध्याकाळी भारा डोक्यावर घेऊन आली. सासूनं सांगितलं, तिनं मला सांगितलं. "मुंगूस होता जी. म्हातारीच्या पायाखालून गेला."

"तिला दिसत नाही," मी म्हणालो.

यापेक्षा हलकट वाक्य मी आयुष्यात बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गटाच्या बाया पोती घेऊन आल्या. पुढे शेवंता होती, जैवंताबाईची लहानपणापासूनची सखी. दोघींनी एकाच बांधीत रोवणी शिकलेली. शेवंता रडत होती, पण हात चालू होते. कागद होता ना. कोंबडी धरायची, मान मुरगळायची, पोत्यात टाकायची. शेवटी एक तांबडा कोंबडा राहिला, जांभळावर. तो पेनाचा होता, म्हणजे त्यांच्या कुळाच्या देवाच्या नावानं राखलेला. नवं धान आलं की तो देवाला द्यायचा आणि त्यानंतरच घरात नवा तांदूळ शिजायचा. तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही.

"शेवंता, तो राहू दे," जैवंताबाई म्हणाली. "मी त्याले वेगळा बांधतो. तो राहू दे."

शेवंतानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, कागदावर 'सर्व' लिहिलं आहे.

बाजारातून दुसरा कोंबडा आणून चालत नव्हता, स्वतःच्या अंगणात उबलेलाच पाहिजे. त्यामुळे त्या वर्षी तिच्या घरात नवा तांदूळ शिजला नाही. ढोलीत धान काठोकाठ आणि चुलीवर मागच्या वर्षीच्या कण्या. घरातली पोरं दारात बसून दुसऱ्यांच्या घरातल्या नव्या भाताचा वास घ्यायची. सासू त्या हिवाळ्यात गेली, जुनंच खाऊन. जैवंताबाईशी गावात कुणी बोलेना. तिच्या कोंबड्या तेवढ्या धडधाकट राहिल्या आणि गटाच्या मेल्या, हे लोकांना विचित्र वाटलं होतं. त्या वाटण्याला पुढे काय काय फांद्या फुटल्या ते मी लिहीत नाही. तिनं गट सोडला. त्यानंतर त्या सांदवाडीत मी कोंबडं पाहिलं नाही.

मला पुढे बढती मिळाली.

तर त्या चहाच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेलो. ती अंगणात सुपानं धान पाखडत होती. केस पांढरे, पाठ वाकलेली, डोळे तेच. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. बीळ, दात, चुना, दामोधर, कागद. रात्रंदिवस घोकलेलं भाषण होतं. मला वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल, निदान सूप खाली ठेवेल.

सूप चालूच होतं.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "मुंगूस होता हे माह्या सासूनं तवाच सांगतलं. तुमी काय नवीन सांगून राह्यले?"

"मी... चूक कबूल करायला आलो, बाई."

"कबूल कोणाले करून राह्यले? मले? मी कुठी म्हणलो होतो का मानमोडी होती?"

मग थोडा वेळ धानाचा फोल उडत राहिला. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं.

"नातसून कोंबड्या पाळतो म्हणते. खुराडा बांधता येते का डॉक्टरभाऊ, का कागदावरच येते?"

असा मी शहात्तराव्या वर्षी कामाला लागलो. मी सूड घ्यायला निघालो होतो, तसं तिला म्हणालोही होतो. तिनं तो माझ्या हातून काढून घेतला आणि स्वतः घ्यायला सुरुवात केली. मी पहिल्या दिवशी आणलेले बांबू तिनं बोटानं वाजवून पाहिले आणि परत पाठवले. कोवळे. कोवळ्या बांबूत गोडवा असतो, त्याला भुंगा लागतो, वर्षभरात पीठ गळायला लागतं. जुने, अंधाऱ्या पाखात, म्हणजे वद्य पक्षात, तोडलेले आणा. आणले. ते नाल्यात दगडाखाली पंधरा दिवस बुडवले. काढले तेव्हा असा कुजका वास की घरी कुणी मला जवळ येऊ देईना. "येऊ द्या वास," जैवंताबाई म्हणाली, "माह्या सांदवाडीत यापेक्षा वाईट येत होता."

ऐनाच्या लाकडाचे चार खांब, बुडखे विस्तवात काळे करून, उधळी, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून. खांब घराच्या भिंतीपासून दूर. आता बिबट गावात येतो, तो कोंबडीसाठी आला तर माणूस झोपतो त्या भिंतीशी यायला नको. पण इतकंही दूर नाही की फडफड ऐकू येणार नाही. खांबांना डब्याचा पत्रा. खाली बांबूच्या चिरलेल्या कमच्यांची जमीन, मध्ये फट ठेवून. विष्ठा खाली पडावी, पाय अडकू नये. "करंगळी गेली पायजे, अंगठा नाई," ती म्हणाली आणि प्रत्येक फटीत खरंच बोट घालून पाहिलं. नऊ फटी तिनं उसवायला लावल्या. बसायला बांबू नाही, तो गुळगुळीत, थंडीत पाय घसरतो. बोरीची सालीसकट फांदी, सगळ्या सारख्या उंचीवर, नाहीतर वरच्या जागेसाठी मारामाऱ्या. वारा खेळायला झरोके वर, छपराजवळ. बसलेल्या कोंबडीच्या छातीवर झोत नको. दार पूर्वेला. अंड्यावर बसणारीसाठी टोपली, तळाशी राख आणि कडुनिंबाचा पाला, उवा होऊ नयेत म्हणून. यातलं निम्मं मला पुस्तकातून माहीत होतं. नोकरीभर व्याख्यानं दिली होती मी, सुरक्षित आणि आरामदायी खुराडं या विषयावर. हातानं एकही बांधलं नव्हतं.

माझ्या बोटांत कुसं रुतायची. ती बाजेवर बसून पाहायची. एकदा म्हणालो, "जरा पाणी द्या, बाई."

"माठ तिथी हाय. कुलूप नाई लावलं त्याले."

नातसून तोंडाला पदर लावून हसली. मलाही हसू आलं, आणि मग फार वेळ खालीच पाहत राहिलो.

दाराचं काम आलं तेव्हा मी बाजारातून चांगली लोखंडी कडी नेली होती. तिनं ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि कुंपणापलीकडे फेकली. "खुंटी करा लाकडाची. जनावराले काढता येऊ नये, पण आंधळ्या मानसाले चाचपून उघडता आली पायजे." त्या खुंटीवर माझे चार दिवस गेले. डोळे मिटून उघडून पाहायचो. तीही पाहायची, डोळे मिटून. तिच्या सासूची बोटं कशी फिरली असतील ते मला त्या चार दिवसांत कळलं. आधी मी त्याचा विचार केलाय असं मला वाटत होतं. केला नव्हता.

काम करताना रस्त्यानं जाणारं कुणीही थांबायचं. डॉक्टर म्हातारपणी खुराडं काऊन बांधून राह्यले? मग जैवंताबाई बाजेवरून म्हणायची, "सांगा डॉक्टरभाऊ." आणि मी कोयता खाली ठेवून सांगायचो. पहिल्यापासून. बीळ, दात, चुना, कागद, सही. दुधवाल्याला सांगितलं, पोस्टातल्या माणसाला सांगितलं, दवाखान्यातल्या त्या नव्या मुलीला सांगितलं. तिनं वहीत लिहिलं. प्रत्येक वेळी मी दामोधरचं नाव घेतलं, आणि खरं सांगतो, ते नाव घेताना तोंडाला चव यायची.

शेवटी तो आला. येणारच होता. कुंपणाशी उभा राहून म्हणाला, "काय डॉक्टर, माहं नाव लय चालते म्हणते इथी."

"सांगा डॉक्टरभाऊ," बाजेवरून आवाज.

मी त्याला त्याचीच वाक्यं ऐकवली, त्याच क्रमानं. रोग लिही. बाया यायच्या आधी खड्ड्यात घाल. किती वर्षं धार लावून ठेवली होती त्यांना. दामोधर हसला, आजूबाजूला पाहिलं, आणि कुंपणाशी तीन-चार बाया उभ्या आहेत, त्यातली एकही हसत नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

"जुन्या गोष्टी उकरून काय भेटते?" तो म्हणाला. "सही कोणाची होती? माही का?"

"नाही," मी म्हणालो. "माझी होती."

तो तणतणत निघून गेला. टपरीवर आता त्याच्या शेजारी कुणी बसत नाही, असं ऐकतो. मला वाटलं होतं त्या दिवशी जेवण गोड लागेल. लागलं, खोटं कशाला बोलू? पण अर्ध्यावर भूक मेली. त्यानं सांगितलं होतं, लिहिलं मी होतं. तो म्हणाला ते खरं होतं, आणि ते त्याच्याच तोंडून यावं याचा मला अजून राग आहे.

परवा खुराड्यावर कवेलू, म्हणजे कौलं, चढले. नातसुनेनं नातेवाइकांकडून मागून आणलेल्या चार तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आणि एक कोंबडा आत गेले, थोडी ढकलाढकली झाली, मग फांदीवर ओळीनं बसले. मला वाटलं, संपलं. हात धुतले, काठी घेतली.

"शेवंताच्या घरी कवा जाता?" जैवंताबाईनं विचारलं.

मी थांबलो. शेवंता अंथरुणाला खिळून आहे दोन वर्षं. पेनाच्या कोंबड्याची मान तिनं मुरगळली होती. त्यानंतर ती या घरासमोरून कधी गेली नाही. पाण्याला लांबच्या विहिरीवर जायची. पण निदान तिला एवढं तरी आहे की रोग होता, इलाज नव्हता, डॉक्टरचा कागद होता.

"बाई, आता तिला कशाला? ती त्यावर जगून राहिली आहे. रोग होता म्हणून केलं, असं समजून. ते काढून घेतलं तर तिच्यापाशी काय राहील?"

"माह्यापाशी काय राह्यलं होतं?"

मी काठीची मूठ चोळत राहिलो.

"सूड म्हणता ना तुमी? तुमाले दामोधरवर पायजे होता, तो भेटला. सोपा होता तो. आता हा करा." ती बाजेवरून उठली. भिंतीला हात लावून, हळूहळू. "मीबी येतो. मले तिचं तोंड पाह्यचं हाय. पंचवीस वर्सं झाले, माही सखी माह्याशी बोलली नाई. काऊन नाई बोलली ते तिलेबी मालूम नाई. चला."

तिनं पायात चपला घातल्या. नातसुनेनं तिला धरायला हात पुढे केला, तो तिनं झटकला आणि माझी काठी मागून घेतली.

गाव ओस होतं, उशिरा पिकणारं धान कापायला सगळे अजून बांध्यांत होते. आम्ही दोघं मधल्या गल्लीनं निघालो, ती पुढे, मी मागे. शेवंताच्या दारात उन्हात तिची बाज काढून ठेवली होती, आणि आमची चाहूल लागून तिनं मान वळवली. जैवंताबाई तिच्या पायाशी बाजेवर बसली. शेवंतानं पांघरुणातून हात काढला आणि मध्येच थांबवला.

"सांगा डॉक्टरभाऊ," जैवंताबाई म्हणाली.

मी सुरुवात केली.